छपराचा खर्च

नेरळच्या जुन्या घरांतून माथेरानच्या गाडीची जन्मकथा सगळ्यांना पाठ असते, आणि प्रत्येक घराची थोडी वेगळी असते. आमच्या घरची अशी. मुंबईचे मोठे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचा मुलगा अब्दुल हुसेन माथेरानला जायचं म्हणून नेरळला उतरला. पालख्या सगळ्या आधीच वर गेलेल्या. तो तिष्ठत बसला, आणि बसल्याबसल्या बोलून गेला की इथून वर रेल्वेच न्यायची. शेजारच्या आळीत हीच गोष्ट सांगताना पालखीचा घोडा होतो. आजोबा त्यावर भांडत नसत. म्हणत, ‘‘घोडा म्हण नाहीतर पालखी म्हण, पैसा बापानं दिला हे खरं ना? मग झालं.’’

पैसा बापानं दिला हे अगदी खरं. लष्कराला तंबू नि बूट पुरवून आदमजींनी संपत्ती मिळवली होती, आणि त्यातले सोळा लाख रुपये या डोंगरात घातले. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी वर गेली. दोन फूट रुंदीचा मार्ग, एकवीस किलोमीटरच्या आतबाहेर लांबी, आणि चढ कुठे कुठे वीस फुटांना एक फूट. माझे पणजोबा त्या कामावर खडी फोडायला होते. मजुरी किती मिळायची ते आजोबा सांगत नसत. सांगत ते एवढंच, की जुम्मापट्टीच्या वर पहिल्यांदा इंजिनाची शिट्टी ऐकू आली तेव्हा खाली वाडीतल्या बायका सुपं टाकून बाहेर आल्या होत्या.

आजोबा नेरळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्यामुळे आमच्या घरात इतिहास राजेराजवाड्यांपासून सुरू व्हायचा नाही, तो चार इंजिनांपासून सुरू व्हायचा. ७३८, ७३९, ७४०, ७४१. बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची. सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यानं आधी बार्शी लाइट रेल्वे उभी केली होती तोच. कुर्डुवाडी ते बार्शी हा छोट्या रुंदीचा मार्ग त्यानं १८९७ मध्ये चालू करून दाखवला होता, तेव्हा अरुंद रुळांवर जड काम करून घेणं त्याला नवं नव्हतं.

माथेरानचं दुखणं मात्र निराळं होतं. चढ चढायचा तर सगळी चाकं जोर लावणारी हवीत, आणि सगळी चाकं एकमेकांना घट्ट बांधली तर ती इतक्या आवळ वळणावर वळत नाहीत. त्यावर तोड होती ती जर्मन बनावटीच्या क्लिन-लिंडनर आसांची. आजोबा हा भाग समजावायला लागले की समोर चहाचा पेला, पोकळ बांबू, जे हाताला येईल ते घ्यायचे. सहा चाकांतली मधली जोडी पक्की. पुढच्या आणि मागच्या जोडीची आस दुहेरी: आत एक भरीव आस, तिच्यावर बाहेरून पोकळ आस, आणि चाकं त्या पोकळ आसेवर. दोन्ही एकमेकींना मधोमध एका गोल सांध्यानं जोडलेल्या. आतली आस सरळ राहते, जोर देत राहते. बाहेरची वळणाबरोबर कलते. ‘‘बाय, आतली आपल्या जागेवर आणि बाहेरची रस्त्याच्या मनासारखी,’’ असं ते म्हणत. त्या सांध्यापर्यंत तेल पोचवणं ही फिटरची रोजची कटकट. तेल पोचलं नाही तर झीज, झीज झाली तर वळणावर किंचाळी, आणि ती किंचाळी आजोबा शेडमध्ये बसून ओळखत, कोणतं इंजिन उतरतंय ते सांगत.

फायरमनची गोष्ट माझ्या काकांकडून. ते स्वतः डिझेलवाले. १९५५ नंतर जर्मनीहून डिझेल इंजिनं आली, त्यांच्यावर त्यांची सारी नोकरी झाली. पण उमेदवारी वाफेवर झालेली. ते सांगायचे की या चढावर कोळसा मारणं सोपं, कठीण काम पाण्याच्या काचेवर नजर ठेवायचं. इंजिन चढावर तिरपं असताना बॉयलरमधलं पाणी फायरबॉक्सकडे धावतं आणि काचेत भरपूर दिसतं. स्टेशनाची सपाटी आली की तेच पाणी पुढे सरकतं. चढावर काच भरलेली बघून निर्धास्त राहिलेला फायरमन सपाटीवर गोत्यात येतो, कारण फायरबॉक्सचा माथा उघडा पडला तर शिशाचा प्लग वितळून वाफ आगीवर येते. म्हणून वाटेतल्या वॉटर पाइप स्टेशनाची किंमत आम्हा मुलांना फार लवकर कळली होती. प्रवाशांना तिथे वडापाव आठवतो, आमच्या घरात पाणी आठवायचं.

पण मला सांगायचं आहे ते शेडबद्दल.

पावसाळ्यात गाडी बंद व्हायची. दरडी कोसळायच्या, रूळ धुऊन जायचे, वर कोणी जायचंही नाही. ते चार महिने म्हणजे इंजिनांचं माहेरपण. बॉयलर रिकामे करून आतला क्षार खरवडायचा, गळक्या ट्यूब काढून नव्या बसवायच्या, ब्रेकचे ठोकळे बदलायचे, ती दुहेरी आस उघडून सांधा तपासायचा. आजी म्हणायची, उन्हाळ्यात तुझा आजोबा घरी जेवायला तरी यायचा, पावसाळ्यात डबा शेडवर पोचवायला लागायचा. दसऱ्याला झेंडूच्या माळा चढायच्या, नारळ फुटायचा, आणि मग आग पेटायची, तीही हळूहळू. थंड बॉयलर घाईनं तापवला तर पत्रे नि सांधे ताणले जातात, म्हणून आदल्या रात्रीपासून लाकडं लावून पाणी कोमट करत न्यायचं. ती रात्रपाळी आजोबा दुसऱ्या कोणाला देत नसत.

पंचाहत्तर वर्षं ही इंजिनं चालली याचं श्रेय जर्मन पोलादाइतकंच त्या चार महिन्यांना आहे. सोळा लाख एकदाच खर्च झाले. शेड मात्र दरवर्षी खर्च मागत राहिली आणि तो मिळत राहिला. इंजिन वाचवायचं म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी याच दोन खर्चांतला फरक सांगते.

१९८२ च्या सुमारास वाफ थांबली. आजोबा तेव्हा निवृत्त झालेले होते. चार इंजिनांची चार दिशांना पांगापांग झाली. ७३९ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं, एक सातासमुद्रापलीकडे इंग्लंडात, बाकीची इथेच शोभेला राहिली.

शोभेला ठेवणं हा शब्द आजोबांना फार लागायचा. कुठल्यातरी एका स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर चढवलेलं इंजिन त्यांनी एकदा पाहिलं. ताजा काळा रंग, लाल पट्टे, भोवती फुलझाडं. लोक फोटो काढत होते. आजोबा सरळ पुढे गेले, वाकले, चिमणीखालच्या धुरपेटीच्या तळाला बोटांनी चाचपलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पत्रा नव्हताच, भुगा होता. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. मग जेवताना म्हणाले, ‘‘चिमणीवर एक झाकण टाकायचं होतं. पाच रुपयांचं.’’

पुढे मी वाचत गेले तसं त्यांचं म्हणणं मला नीट समजलं. उघडी चिमणी म्हणजे पावसाला सरळ वाट. पाणी धुरपेटीत साचतं, तिथली जुनी राख भिजते, कोळशाच्या राखेतल्या गंधकाचं आम्ल होतं आणि ते पत्रा खात बसतं. बॉयलरभोवतीच्या उष्णतारोधक वेष्टणात पाणी शिरलं तर ते वर्षभर ओलं राहतं, आणि बाहेरून दिसतो तो फक्त रंग. धावून थकलेलं इंजिन दुरुस्त होतं. उघड्यावर उभं राहिलेलं इंजिन दुरुस्त करायला घेतलं की खर्चाचा अंदाज दर आठवड्याला वाढतो.

इंग्लंडातल्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाची कहाणी त्यासाठी वाचावी. १९६३ मध्ये ॲलन पेग्लर नावाच्या धनिकानं ते भंगारात जाण्यापासून वाचवलं, अवघ्या तीन हजार पौंडांत. मग ते अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं आणि त्यात त्याचं दिवाळं वाजलं. नंतरच्या मालकांपैकीही एक कर्जात बुडाला. अखेर २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानं लोकवर्गणी, रिचर्ड ब्रॅन्सनची देणगी आणि वारसा निधी मिळून तेवीस लाख पौंडांवर रक्कम मोजून ते घेतलं. दुरुस्ती २००६ मध्ये सुरू झाली. उघडून बघावं तसं नवं दुखणं सापडत गेलं. काम संपून इंजिन पुन्हा धावलं ते २०१६ मध्ये, आणि खर्च बेचाळीस लाख पौंडांवर गेला. मला त्या आकड्यापेक्षा लोकांनी खिशातून दिलेले पाच-दहा पौंड जास्त मोठे वाटतात. पण हेही खरं, की तिथे बॉयलरला साधारण दहा वर्षांची मुदत मिळते आणि ती संपली की सगळं पुन्हा उघडावं लागतं. वर्गणी एकदा काढून भागत नाही.

आपल्याकडची ‘फेअरी क्वीन’ मला अधिक जवळची. १८५५ मध्ये लीड्सला बनलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं इंजिन. १९०९ मध्ये निवृत्त झालं, मग हावडा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं. १९४३ मध्ये चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत हललं, आणि त्या शाळेनं त्याला जपलं, कारण तिथे शिकाऊ पोरं होती आणि शिकवायला इंजिन हवं होतं. पुढे ते दिल्लीच्या संग्रहालयात आलं. अश्वनी लोहानी तिथले संचालक असताना १९९७ मध्ये ते पुन्हा वाफेवर आलं आणि दिल्ली-अलवर धावू लागलं. जगातलं सर्वांत जुनं चालतं इंजिन म्हणून गिनीजमध्ये नाव लागलं. सगळ्या देशाला आनंद झाला. आजोबा हयात असते तर त्यांनी पेपरचं कात्रण काढून ठेवलं असतं.

आणि मग २०११ मध्ये त्याचे भाग चोरीला गेले. पितळ, तांबं, जे उचलता येईल ते. एकशे छप्पन्न वर्षांच्या इंजिनाचे भाग दुकानात मिळत नाहीत. चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यातल्या कारागिरांनी ते नव्यानं घडवले आणि डिसेंबर २०१२ मध्ये गाडी परत धावली. त्या कारागिरांबद्दल मला अपार आदर आहे. तरी मनात येतंच: इंजिन उठवायला पैसा मिळाला होता, त्याच्या अंगावर रात्री नजर ठेवणाऱ्या माणसाला मिळाला असता तर?

हरियाणातल्या रेवाडीची शेड याचं उत्तर आहे. १८९३ मधली ती जुनी वाफेची शेड वाफ संपल्यावर ओस पडली होती. २००२ मध्ये ती दुरुस्त करून पुन्हा उघडली. ‘अकबर’सारखी इंजिनं तिथे राहतात, सिनेमांत कामं करतात, त्यातून चार पैसेही येतात. महत्त्वाचं म्हणजे तिथे पिट आहे, पाणी आहे, छप्पर आहे, आणि रोज हात लावणारी माणसं आहेत. इंजिन तिथे वस्तू म्हणून ठेवलेलं नाही, ते तिथे राहतं.

आमच्या नेरळलाही २००० नंतर दार्जिलिंगचं एक ‘बी’ वर्गाचं इंजिन आलं, ७९४ क्रमांकाचं, तेलावर चालण्यासाठी बदल केलेलं. काका तेव्हा बरेच थकले होते, तरी बघायला गेले. परत आल्यावर मी विचारलं, ‘‘काका, कसं वाटलं?’’ म्हणाले, ‘‘इंजिन झकास आहे गं. पेटवायला कोण शिकलंय, ते कोणी सांगितलं नाही.’’

मग २६ जुलै २००५ चा पाऊस आला आणि डोंगरातला मार्गच जागोजाग वाहून गेला. शतक पुरं व्हायला दोन वर्षंही उरली नव्हती. मार्च २००७ मध्ये, बरोबर शंभरीच्या तोंडावर, गाडी परत चालू झाली. नेरळ त्या दिवशी सजलं होतं. रुळांसाठी पैसा उभा राहिला, कारण रुळांवर लोकांचं पोट होतं: घोडेवाले, हमाल, हॉटेलवाले. वाफेच्या इंजिनावर कोणाचं पोट नाही, आणि म्हणून त्याच्या बाजूनं बोलायला घरातली म्हातारी माणसंच उरतात.

म्हणून आदमजींसारखा कोणी आज नेरळला उतरला आणि म्हणाला की तुमचं एक इंजिन मी चालतं करून देतो, तर मी त्याच्यापुढे आजोबांची यादी ठेवीन. आधी पत्र्याची पक्की शेड, खाली उभं राहून काम करता येईल असा पिट, भार उचलायला क्रेन, दाराला कुलूप आणि रखवालदार. त्यानंतर कर्जत-नेरळची आयटीआय झालेली चार पोरं, पाच वर्षांच्या पगारासकट, आणि त्यांना शिकवायला रेवाडी किंवा पेरांबूरचा एखादा जुना मिस्त्री. बॉयलर, ट्यूबा, ती दुहेरी आस, रंग, उद्घाटनाची फीत, हे सगळं त्यानंतर. चिमणीवरचं झाकण मात्र आजच टाकता येईल. त्यासाठी शेठची वाट बघायला नको.