द्रायुगतीच्या समीकरणांच्या दुर्बल उकली : नियमितता व एकमेवता यांच्या शोधाचा इतिहास आणि तारापूरचा किनारा

प्रस्तावना

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसराची ओळख दोन गोष्टींमुळे झाली आहे : भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र आणि विस्तीर्ण औद्योगिक वसाहत. या दोन्हींचा अंतिम संबंध समुद्राच्या पाण्याशी येतो. केंद्राच्या संघनकातून तापलेले पाणी आणि वसाहतीतील सांडपाणी किनाऱ्यालगत कसे पसरते, हे ठरविण्यासाठी गणिती प्रारूपे वापरली जातात. त्या प्रारूपांच्या मुळाशी नेव्हिए-स्टोक्स समीकरणे आहेत. द्रव आणि वायू या दोहोंना मराठी विज्ञान परिभाषेत 'द्रायू' म्हणतात. द्रायूची आरंभीची स्थिती दिली असता ही समीकरणे त्याची पुढील गती एकाच प्रकारे ठरवितात काय, हा प्रश्न वरकरणी शुद्ध गणिताचा वाटतो. तथापि गणनेवर विसंबून निर्णय घेणाऱ्या कोणत्याही समाजाला तो टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या इतिहासाचा आढावा घेऊन त्याचा तारापूरच्या किनाऱ्याशी असलेला संबंध तपासला आहे.

समीकरणांची मांडणी

फ्रेंच अभियंता क्लोद-लुई नेव्हिए यांनी १८२२ मध्ये श्यान, म्हणजे अंतर्गत घर्षण असलेल्या, द्रायूच्या गतीची समीकरणे मांडली. जॉर्ज स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती अधिक समाधानकारक भौतिक पायावर उभी केली. न्यूटनचा गतीचा नियम द्रायूच्या प्रत्येक सूक्ष्म भागाला लावला की ही समीकरणे मिळतात. त्यांत दोन प्रवृत्तींचा संघर्ष आहे. श्यानता वेगातील फरक पुसून टाकते; उलट प्रवाह स्वतःच स्वतःला वाहून नेत असल्याने निर्माण होणारे अरेषीय पद ते फरक वाढवू शकते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये नळीतील रंगीत धारेच्या प्रयोगाने दाखविले की, एका मर्यादेपलीकडे शांत, स्तरीय प्रवाह एकाएकी संक्षुब्ध होतो. समीकरणे जुनीच होती. परंतु त्यांच्या उकली सर्वकाळ सुरळीत राहतात याची हमी मात्र कोणाजवळही नव्हती.

लेरे यांची दुर्बल उकल

ही कोंडी झां लेरे यांनी १९३४ मध्ये फोडली. 'आक्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकातील त्यांच्या प्रदीर्घ निबंधात उकलीची व्याख्याच बदलण्यात आली. समीकरण प्रत्येक बिंदूवर खरे ठरावे, हा आग्रह त्यांनी सोडला. त्याऐवजी समीकरणाला कोणत्याही गुळगुळीत चाचणी-फलनाने गुणून समाकलन केले असता समतोल साधला पाहिजे, एवढीच अट ठेवली. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर, कीर्दीतील प्रत्येक नोंद सुटी तपासण्याऐवजी कोणत्याही रीतीने घेतलेली बेरीज जुळते की नाही, हे पाहण्यासारखे ते आहे. अशा उकलीत अवकलनाचा भार चाचणी-फलनावर जातो. त्यामुळे वेग-फलन खडबडीत असले तरी चालते. हीच 'दुर्बल उकल' होय.

मर्यादित ऊर्जेच्या कोणत्याही आरंभस्थितीसाठी अशी उकल सर्वकाळ अस्तित्वात असते, तसेच तिची ऊर्जा आरंभीच्या ऊर्जेपेक्षा वाढत नाही, हे लेरे यांनी सिद्ध केले. त्यांनी तिला 'संक्षुब्ध उकल' असे नाव दिले होते. अनियमितता हेच कदाचित संक्षोभाचे मूळ असावे, अशी त्यांची अटकळ होती. एबरहार्ट होप्फ यांनी १९५१ मध्ये भिंतींनी बंदिस्त प्रदेशासाठी हाच निष्कर्ष मिळविला.

लेरे यांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे नोंदविण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४० ते १९४५ या काळात ते ऑस्ट्रियातील युद्धबंद्यांच्या छावणीत होते. द्रायुगतीचे ज्ञान शत्रूच्या युद्धकार्यासाठी वापरले जाऊ नये म्हणून त्यांनी ते लपविले आणि स्वतःला संस्थितिशास्त्रज्ञ म्हणविले. या समीकरणांचे व्यावहारिक मोल किती आहे, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

मुंबईचा धागा

दुर्बल उकलीच्या कल्पनेला भक्कम चौकट मिळाली ती सर्गेई सोबोलेव्ह आणि लॉराँ श्वार्ट्झ यांच्या कार्यामुळे. या विचारप्रवाहाशी मुंबईचा संबंध लवकरच आला. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. चंद्रशेखरन यांनी गणित विभागाची उभारणी केली आणि परदेशी गणितज्ञांना व्याख्यानांसाठी बोलाविण्याची प्रथा पाडली. श्वार्ट्झ यांनी १९५५ मध्ये तेथे व्याख्याने दिली. १९५७ मध्ये झाक-लुई लिओन्स यांनी विवृत्तीय आंशिक अवकल समीकरणांवर व्याख्यानमाला दिली. तिच्या टिपणांचे लेखन बी. व्ही. सिंगबाळ यांनी केले. संस्था तेव्हा गेट वे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत होती. या व्याख्यानांचा विषय द्रायुगती हा नव्हता. परंतु त्यांतील फलन-अवकाशांची साधने तीच होती. पुढे दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, लिओन्स आणि जोव्हान्नी प्रोदी यांनी द्विमितीय प्रवाहाची दुर्बल उकल एकमेव असते, हे सिद्ध केले. ओल्गा लॅडिझेन्स्काया यांनीही त्याच सुमारास द्विमितीय प्रश्नाची संपूर्ण उकल दिली.

ज्या भाभांनी हे गणितपीठ उभारले, त्यांच्याच नेतृत्वाखाली अणुऊर्जा आयोगाने तारापूरची योजना आखली. अमेरिकन कंपनीशी करार १९६४ मध्ये झाला. भाभांचे १९६६ मध्ये विमान अपघातात निधन झाले आणि केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाली.

एकमेवतेच्या अटी

त्रिमितीत मात्र दुर्बल उकलीची एकमेवता हाती लागली नाही. प्रोदी (१९५९) आणि जेम्स सेरिन (१९६२-६३) यांनी दाखविले की, वेगाच्या वाढीवर विशिष्ट समाकलनीयतेची अट घातल्यास उकल गुळगुळीत व एकमेव ठरते. या अटीची अखेरची, सीमेवरची बाजू एस्काउरियाझा, सेरेगिन व श्वेराक यांनी २००३ मध्ये पूर्ण केली. या सर्व संशोधनामागे एक सूत्र आहे : एकाच आरंभस्थितीपासून निघणारी गुळगुळीत उकल जोवर टिकते, तोवर लेरे यांची प्रत्येक दुर्बल उकल तिच्याशी तंतोतंत जुळते. म्हणजेच नियमितता सिद्ध झाली तर एकमेवता आपोआप हाती येते.

नियमितता किती ढळू शकते, याचे सर्वांत अचूक मोजमाप काफारेल्ली, कोन आणि निरेनबर्ग यांनी १९८२ मध्ये दिले. योग्य प्रकारे निवडलेल्या दुर्बल उकलीत अनियमित बिंदू असलेच, तर ते अवकाश-कालात एखाद्या वक्ररेषेइतकीही जागा व्यापू शकत नाहीत. असा एकही बिंदू खरोखर असतो काय, हा प्रश्न क्ले गणित संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलर पारितोषिकाच्या सात प्रश्नांत समाविष्ट केला.

एकमेवतेला गेलेला तडा

एकविसाव्या शतकात संशोधनाची दिशा उलटली. एकमेवता सिद्ध होत नसेल, तर ती खोटी तर नाही ना, अशी शंका बळावली. बकमास्टर आणि विकोल यांनी २०१९ मध्ये दाखविले की, अगदी सैल अर्थाने दुर्बल असलेल्या उकली एकमेव नसतात. परंतु त्या लेरे यांच्या ऊर्जा-अटीत बसत नव्हत्या. २०२२ मध्ये अल्ब्रिटन, ब्रुए आणि कोलोम्बो यांनी बाह्य बल लावलेल्या समीकरणासाठी ही उणीवही दूर केली : तीच आरंभस्थिती आणि तेच बल असूनही लेरे यांच्या दोन भिन्न उकली निर्माण होऊ शकतात. अर्थात हे बल खास त्या हेतूने रचलेले आहे. रोजच्या व्यवहारातील प्रवाह असाच वागतो, असा त्याचा अर्थ होत नाही. तरीही, 'दुर्बल उकल मिळाली म्हणजे प्रवाह निश्चित झाला' हे गृहीतक सर्वसाधारण नियम म्हणून आता टिकत नाही.

तारापूरच्या किनाऱ्यावर

अणुभट्टीत निर्माण झालेल्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश उष्णतेची वीज होते. उरलेली थंड करणाऱ्या पाण्यावाटे बाहेर पडते. २००५ व २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्यावर या प्रश्नाचे आकारमान वाढले. औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न तर न्यायालयीन स्वरूपाचा झाला. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे अर्ज केला आणि न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये प्रदूषण करणाऱ्या घटकांकडून भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. खाडी आणि किनाऱ्यावरील मासेमारीवर जगणाऱ्या समाजाच्या दृष्टीने, पाणी कोठे जाते हा उपजीविकेचा प्रश्न आहे.

अशा प्रश्नांवरील अहवालांत संगणकीय प्रारूपे असतात. त्यांत समुद्राचे जाळीत विभाजन केले जाते, बऱ्याचदा खोलीनुसार सरासरी घेऊन प्रश्न द्विमितीय केला जातो, आणि संक्षोभाऐवजी अनुभवजन्य गुणांक योजला जातो. संगणक जे सोडवितो ते मूळ समीकरण नव्हे, तर जाळीवरील सांत बैजिक समीकरणांचा संच होय. त्याचे उत्तर सामान्यतः एकच येते. परंतु ही एकमेवता जाळीने आणि गुणांकांनी बहाल केलेली असते, समुद्राने नव्हे. लिओन्स व प्रोदी यांचा द्विमितीय सिद्धांतही येथे आधार देत नाही, कारण खोलीची सरासरी घेतलेली, मुक्त पृष्ठभाग असलेली समीकरणे त्या सिद्धांताच्या समीकरणांहून वेगळी आहेत. म्हणून प्रारूपाला खरा आधार मिळतो तो प्रत्यक्ष मोजणीचा : भरती-ओहोटीच्या व ऋतूंच्या वेगवेगळ्या अवस्थांत घेतलेल्या प्रवाह, तापमान व क्षारतेच्या नोंदींचा.

समारोप

दोन शतकांच्या या इतिहासातून एक भेद स्पष्ट होतो. उकलीचे अस्तित्व आणि तिची एकमेवता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली लेरे यांनी १९३४ मध्येच मिळविली, दुसरीसाठी गणित अजूनही झगडत आहे. यावरून प्रारूपे निरुपयोगी ठरत नाहीत. परंतु अहवालातील एकच आकडा हा अंतिम निवाडा मानणे गणिताच्या इतिहासाला धरून होत नाही. जाळी बदलल्यास, गुणांक बदलल्यास आणि आरंभस्थिती थोडी हलविल्यास निष्कर्ष किती बदलतो, हे सांगणारी मर्यादा त्या आकड्यासोबत असली पाहिजे, आणि मोजणीच्या नोंदी किनाऱ्यावरील लोकांना पाहावयास मिळाल्या पाहिजेत. पालघर-बोईसर परिसरातील महाविद्यालयांत अवकल समीकरणे शिकविताना अस्तित्व आणि एकमेवतेचे प्रमेय परीक्षेपुरते पाठ केले जाते. ते प्रमेय ज्या अटींवर उभे आहे, त्या अटी किनाऱ्यावरच्या पाण्याला लागू पडतात काय, हा प्रश्न वर्गात विचारला गेला, तर त्या प्रमेयाचा खरा अर्थ विद्यार्थ्यांना उमगेल.