वडगाव, हलशी, चांदर: सीमाभागातली जुनी नगरे

बेळगावच्या वडगावात आज मागांचा खडखडाट ऐकू येतो. त्याच वस्तीलगत वडगाव-माधवपूर हे सातवाहनकालीन शहर मातीखाली आहे. १९७०च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने इथं उत्खनन केलं, तेव्हा विटांची बांधकामं आणि सातवाहनांची नाणी मिळाली. इथल्याच एका ब्राह्मी लेखाची भाषा प्राकृत आहे. आता त्या जागेभोवती घरंच घरं झालीत. पुन्हा खणायचं म्हटलं तर कुठं खणणार?

हे शहर एकटं नव्हतं. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापलीकडचा माल घाट चढून वर येत होता, याचा एवढा रोकडा पुरावा दुसरा नाही. दक्षिणेला बनवासी, म्हणजे जुनी वैजयंती. तिथल्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने कार्ल्याचं लेणं पूर्ण केलं, असं कार्ल्याचाच शिलालेख सांगतो. आजच्या हिशेबात हा कर्नाटकातला व्यापारी आणि त्याचं दान मावळात!

सातवाहनांनंतर चौथ्या शतकात बनवासीला कदंबांचं राज्य आलं. खानापूर तालुक्यातली हलशी, त्या काळची पलाशिका, ही त्यांची दुसरी राजधानी. हलशीचे ताम्रपट संस्कृतात आहेत आणि त्यातली बरीच दानं जैनांना दिलेली आहेत. मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ इथं जैन मंदिर बांधलं. यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा तीन पंथांना जमीन दिली. राजा स्वतः वैदिक परंपरेतला, हे विशेष. पुढं १२व्या शतकात गोव्याच्या कदंबांनीही हलशीला महत्त्व दिलं. भूवराह-नरसिंह मंदिर त्यांच्याच काळातलं. नंदगडमार्गे गेलात तर ते जरूर बघा, अजून पूजेत आहे.

घाटाखाली गोव्यात भोज राजे होते. त्यांच्यातल्या देवराजाचा शिरोड्याला सापडलेला ताम्रपट चंद्रपुराहून दिलेला आहे. चंद्रपूर म्हणजे सासष्टीतलं चांदर. नंतर गोव्याच्या कदंबांचीही ती राजधानी होती. १९२९ मध्ये फादर हेरास यांनी चांदरला उत्खनन करून मंदिराचा पाया उघडा केला. तिथं आज डोकं नसलेला दगडी नंदी आहे.