पाचावरून शून्यावर : नांदेड-लातूरचा शेकाप, १९७७ ते १९८०

विष्णुपुरीला असर्जनजवळ गोदावरी अडवून जो जलाशय झाला, त्याला शंकरसागर म्हणतात. प्रकल्पाला नाव डॉ. शंकरराव चव्हाण यांचे, आणि इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचेच. बाहेरगावच्या माणसाला वाटते की नांदेड पहिल्यापासून काँग्रेसचे. या परिसरात इतकी वर्षे राहूनही मला तिशीपर्यंत तसेच वाटत होते. मग वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी आवरताना शेतकरी कामगार पक्षाची एक सभासद-पावती हाती लागली. वडील नांदेड तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. आईला विचारले तर ती म्हणाली, ‘‘सत्त्याहत्तरला त्यांनी भाईंसाठी रात्रंदिवस एक केला होता. ऐंशीला मात्र गपगुमान हातावर शिक्का मारून आले.’’ का, ते त्यांनी तिला कधी सांगितले नाही. मी गेली वीसेक वर्षे निवडणूक आयोगाचे अहवाल आणि दैनिकांच्या जुन्या फायली चाळतो आहे, त्याची सुरुवात या पावतीपासून झाली.

आधी घडले काय ते पाहू. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९, शेकापला ५, माकपला ३ आणि रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाला १ जागा मिळाली. शेकापच्या पाचांत कुलाब्याचे दि. बा. पाटील आणि कोल्हापूरचे दाजीबा देसाई होते. उरलेले तिघे मराठवाड्याचे : नांदेडहून भाई केशवराव धोंडगे, लातूरहून भाई उद्धवराव पाटील आणि परभणीहून शेषराव देशमुख. शेजारी बीडला माकपचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले होते. नांदेडच्या निकालाला आणखी एक धार होती. त्या दिवशी राज्याचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणच होते, आणि त्यांच्याच जिल्ह्यात लाल बावटा लागला होता.

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसला ३९, जनता पक्षाला ८ आणि अर्स काँग्रेसला १ जागा मिळाली. ही शेवटची सातारा, यशवंतराव चव्हाणांची. शेकापला एकही नाही. नांदेडहून शंकरराव चव्हाण स्वतः लोकसभेत गेले आणि लातूरहून शिवराज पाटील चाकूरकर. जेमतेम तीन वर्षांत हे झाले.

याचे ठरलेले उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे : इंदिराबाईंची लाट, मोरारजी आणि चरणसिंगांचे भांडण, महागलेला कांदा. यात खोटे काही नाही. देशभर इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या, तेव्हा लाट होतीच. पण त्याच जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये एकट्या माकपने २८ जागा घेतल्या. तिथे जून १९७७ मध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले होते. वर्षभरात पंचायतीच्या निवडणुका झाल्या आणि बटाईदारांची नावे सरकारी दप्तरात चढवण्याची मोहीम गावोगाव फिरली. म्हणजे लाट अडवता येत होती. शिवाय जनता पक्ष हा काही महिन्यांत बांधलेला तंबू होता, तो उडाला तर नवल नाही. शेकापला तीस वर्षे झाली होती. दाभाडीचा प्रबंध १९५० चा. हैदराबाद संस्थानाच्या १९५२ च्या विधानसभेत या पक्षाचे १० आमदार होते. विधानसभेत कृष्णराव धुळप १९६२ पासून दहा वर्षे विरोधी पक्षनेते होते. जनतेचे आठ तरी वाचले, यांचा एकही नाही. हे कसे?

एक गोष्ट आकड्यांतच दडलेली आहे. फेब्रुवारी १९७८ च्या विधानसभेत शेकापचे १३ आमदार होते. लोकसभेत सगळे गेल्यानंतर, मे १९८० च्या अखेरीस विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा ९ आले. घसरण झाली, पण पक्ष नाहीसा झाला नव्हता. मतदाराने मुंबईला कोणाला पाठवायचे आणि दिल्लीला कोणाला, हे वेगळे ठेवले होते. लोकसभेच्या मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ. शेकापचा जोर एखाद्या खोऱ्यात, एखाद्या तालुक्यात असायचा, जसे धोंडग्यांचे मन्याड खोरे. बाकीच्या तालुक्यांतली मते १९७७ मध्ये आणीबाणीच्या रागाने, जनता पक्षाच्या जोडीने आली होती. नसबंदीचा धसका खेड्यात किती होता हे वेगळे सांगायला नको. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात पोळलेली शहरी पोरेही त्या वर्षी याच बाजूला होती. ती मते उसनी होती. जनता पक्ष फुटला आणि उसनवारी संपली.

पण एवढ्यावर थांबायला माझे मन तयार होत नाही, कारण माझे वडील उसने मतदार नव्हते. त्यांच्याजवळ पावती होती.

म्हणून १९७८ कडे जावे लागते. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. शेकापचे एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले, गणपतराव देशमुख मंत्री झाले. दोघांच्या सचोटीबद्दल विरोधकही शंका घेत नसत. त्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते शंकरराव चव्हाण. मुंबईत बसून पाहिले तर ही काँग्रेसला पर्याय देणारी आघाडी होती. नांदेडच्या गावात काय दिसले? वर्षापूर्वी ज्यांच्या राजवटीविरुद्ध रात्री जागवल्या, ते आणि आपले पुढारी एकाच गाडीत. पुढे शंकरराव इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८० ला उभे राहिले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध बोलायचे काय, हा प्रश्न शेकापच्या कार्यकर्त्यापुढे असणार. विरोध हीच ज्या पक्षाची गावातली ओळख, त्याला अशी सत्ता महाग पडते.

त्या सरकारला नऊ दिवस झाले होते, तेव्हा २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. पुढचे दिवस मराठवाड्याला लाज आणणारे आहेत. दलित वस्त्या जळाल्या, विहिरी नासवल्या, माणसे गावे सोडून पळाली. नांदेड जिल्ह्याला याची झळ फार बसली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ऑगस्टमध्ये ठार मारण्यात आले.

या ठिकाणी शेकापच्या नावातच असलेली भेग उघडी पडली, असे माझे मत आहे. पक्षाच्या नावात शेतकरी आणि कामगार शेजारी बसतात. आमच्या भागात कामगार म्हणजे गिरणीतला नव्हे, सालगडी. आणि त्याचा मालक कोण, तर तोच दहा-पंधरा एकरवाला शेतकरी, पक्षाचा सभासद. दाभाडीच्या प्रबंधात वर्ग होते. गावात वर्गाच्या आधी वाडा आणि वाडी होती. पक्ष सरकारात असल्याने ठरावाला बांधलेला होता. पण ज्या शेतकरी जातींवर त्याचा गावातला आधार उभा होता, त्यांतले कितीतरी जण ठरावाविरुद्ध रस्त्यावर होते. अशा वेळी पक्षाने दोघांतल्या एकाला तरी छातीठोकपणे आपले म्हणायला हवे होते. मुंबईत एक बोलणे आणि गावात गप्प राहणे यातून दोन्ही बाजू तुटल्या. सवर्ण शेतकऱ्याला वाटले, यांनी आम्हाला विकले. दलित मजुराला दिसले की लाल बावटेवाले आग विझवायला आले नाहीत. मग ज्याच्या हाती पोलीस आणि दिल्ली असेल, त्याच्याकडे त्याने संरक्षणासाठी पाहिले असेल तर त्याला दोष कसा द्यावा?

आमच्या गावात झोपड्या जळाल्या नाहीत. एवढे आई अभिमानाने सांगायची. बऱ्याच वर्षांनी, मी फारच खोदून विचारल्यावर, तिने आणखी एक सांगितले. आमच्याकडे बारा वर्षे असलेले सालगड्याचे कुटुंब त्या पोळ्याच्या आधी रात्रीतून नांदेडला निघून गेले. वडील त्यांना थांबवायला गेले नाहीत. ‘थांबा’ म्हणायची त्यांची टाप होती का, की इच्छाच नव्हती, हे मला ठरवता येत नाही. पावतीवर मात्र त्यानंतरची वर्गणी नाही.

आता जरा कोरडे कारण. शेकापने ज्या मागण्यांसाठी मोर्चे काढले, त्या काँग्रेसने एकेक करून उचलल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात डाव्या पक्षांनी कामासाठी आणि धान्यासाठी रान उठवले. रोजगार हमी योजना कायदा होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली, ती वि. स. पागे यांच्या नावाने ओळखली जाते. कापसाची एकाधिकार खरेदीही काँग्रेसच्याच काळात आली. माणसेसुद्धा उचलली गेली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे हे संस्थापक पन्नाशीच्या दशकातच परत गेले, आणि मग यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणाने बाकीच्यांना वाट करून दिली. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या. जिल्हा बँक, खरेदी-विक्री संघ, गावची सोसायटी यांच्या चाव्या काँग्रेसवाल्यांकडे राहिल्या. धोंडग्यांनी कंधारात शाळा काढल्या, ‘जयक्रांती’ साप्ताहिक चालवले, पुढे गुराख्यांचे साहित्य संमेलनही भरवले. असा माणूस दुसरा झाला नाही. पण शाळेतून पेरणीला कर्ज मिळत नाही. वडिलांच्या पेटीत पावतीच्या खालीच सोसायटीचे पासबुक होते. १९७९ च्या खरिपाचे कर्ज त्यात आहे. कोणी काही अट घातली असेल असे मी म्हणत नाही. अट घालावी लागतच नाही.

लातूरची गोष्ट थोडी निराळी. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी. उद्धवराव उस्मानाबादचे नामांकित वकील, हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेले, सभागृहात बोलायला उभे राहिले की मंत्री सावरून बसत. त्यांचे समोरच्या बाजूलाही चाहते होते. पण लातूरला मोंढा होता, गंजगोलाईच्या भोवती वाढणारी पेठ होती, आणि या पेठेला स्वतःचा माणूस हवा होता. शिवराज पाटील लातूरचे नगराध्यक्ष राहिलेले, तिथले आमदार, नुकतेच विधानसभेचे अध्यक्ष. पेठेने आपला माणूस दिल्लीला पाठवला आणि १९९९ पर्यंत लागोपाठ सात वेळा पाठवत राहिली. तिथे शेकाप हरला असे म्हणण्यापेक्षा एक नवे शहर जिंकले असे म्हणावेसे वाटते. नांदेडइतका हा निकाल मला बोचत नाही, हेही कबूल करतो.

माझे म्हणणे तपासायला एक जागा आहे : कुलाबा. १९८० ला दि. बा. पाटीलही पडले होते. पण जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी जमिनी जात असताना जासई परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्याच्या पुढे दि. बा. होते. त्याच वर्षाअखेर, इंदिराबाईंच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या प्रचंड लाटेत, कुलाब्याने त्यांना लोकसभेत पाठवले. ती लाट ऐंशीच्या लाटेपेक्षा मोठी होती. फरक इतकाच की तिथे जमीन जाणारा आणि पक्षाचा सभासद हा एकच माणूस होता, त्याला आपल्याच दारातल्या मजुराकडे पाहून मान खाली घालावी लागत नव्हती. आमच्याकडे १९७८ नंतर अशी लढाई उरली नव्हती. नांदेड आणि लातूरची लोकसभेची जागा शेकापला पुन्हा कधी मिळाली नाही. उद्धवराव १९८४ मध्ये गेले. धोंडगे पुढे विधानसभेत परतले आणि शंभरी गाठून १ जानेवारी २०२३ रोजी वारले.

विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला इकडच्या भागासाठी स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळे विद्यापीठ निघाले, ते इथे विष्णुपुरीत. जुन्या फायली वाचायला मी त्याच्याच ग्रंथालयात जातो. मागे एकदा नांदेडला मी त्या सालगड्याच्या कुटुंबाचा शोध घेतला. थोरला मुलगा भेटला, सत्तरीच्या पुढचा. वडिलांचे नाव सांगितल्यावर त्याने चहा मागवला, शेताची, विहिरीची, बैलांची नावानिशी चौकशी केली. त्या रात्रीबद्दल मी विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘तुमच्या बापाच्या घरात दिवा होता. आम्ही गाडी भरली तोवर होता.’’