गळा, गुरू आणि पडदा

मराठी चित्रपटांतला थोर गायक बहुधा गाणे सोबत घेऊनच जन्माला येतो. रवी जाधव यांच्या ‘बालगंधर्व’मध्ये (२०११) भर आहे तो रंगभूमीच्या वैभवावर, हौसेवर आणि कर्जावर, गाणे आधीपासून असतेच. ‘कट्यार काळजात घुसली’मधला (२०१५) तरुण गायक सदाशिव त्यातल्या खाँसाहेबांची गायकी लपूनछपून ऐकून उचलतो आणि वर्षानुवर्षांची मेहनत काही दृश्यांत उरकते. अशा चित्रणामुळे गवयाच्या पेशाचा खरा इतिहास झाकला जातो, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचा पुरावा याच चित्रपटांच्या गाण्यांत सापडतो. बालगंधर्वांसाठी गायले आनंद भाटे. ते भीमसेन जोशींचे शिष्य. सदाशिवसाठी गायले महेश काळे. ते जितेंद्र अभिषेकींचे शिष्य, आणि ‘कट्यार’च्या १९६७च्या मूळ नाटकाचे संगीतही अभिषेकींचेच. दोघांनाही या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. उपजत प्रतिभेची गोष्ट रंगवायलासुद्धा गुरूपुढे बसून घडलेलेच गळे लागले.

खुद्द नारायण श्रीपाद राजहंसांचे काय? टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटल्याची आख्यायिका घरोघरी ठाऊक आहे, पण १९०५मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि पुढे गवई भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यांना लाभली, हे क्वचितच कोणी सांगते. भास्करबुवाही लहानपणी त्याच मंडळीत होते. नंतर फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या तिघांकडे ते शिकले. बालगंधर्वांच्या ‘स्वयंवर’ नाटकातल्या (१९१६) पदांना चाली त्यांनीच दिल्या. म्हणजे प्रेक्षक ज्या गळ्यावर लुब्ध होते, त्यातून अनेक घराण्यांची मिळकत वाहत होती.

यावर आक्षेप म्हणून गायक कुमार गंधर्वांचे नाव पुढे येईल, आणि ते रास्तच आहे. लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा मुलगा त्यांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवी. ही देणगी नाकारण्यात अर्थ नाही. माणसामाणसांत फरक असतोच. पण तोच मुलगा पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिला, आणि त्याआधीही ध्वनिमुद्रिका त्याच्यापुढे होत्याच. दुसरा आक्षेप माध्यमाचा: रियाज कंटाळवाणा, तो पडद्यावर दाखवायचा कसा? चैतन्य ताम्हाणे यांनी ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) तो दाखवला, शिवाय इतक्या रियाजानंतरही माणूस कमी पडू शकतो हेही दाखवले. तेव्हा अडचण माध्यमाची नाही, निवडीची आहे.

या निवडीची किंमत मोठी आहे. गाणे जन्मजात मानले की ते कोणाला शिकायला मिळाले आणि कोणाला नाही, हा प्रश्नच उरत नाही. गोव्याच्या केरी गावच्या गायिका केसरबाईंना अल्लादिया खाँसाहेबांची वर्षानुवर्षे अखंड तालीम मिळाली, कारण तिचा खर्च उचलणारे सधन आश्रयदाते पाठीशी होते. गोव्यातल्याच कुर्डीच्या गायिका मोगूबाईंनी लहानपणीच नाटक कंपनीत काम केले; खाँसाहेबांकडची त्यांची तालीम मध्येच तुटली, आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँकडे त्या शिकल्या आणि मग पुन्हा अल्लादिया खाँसाहेबांकडे आल्या. दोघींचा गुरू एकच, पण त्याच्यापर्यंतची वाट दोघींना सारखी मोकळी नव्हती. वाट मिळालीच नाही अशा किती मुली त्या काळी गोव्याच्या गावांत असतील, त्यांची नोंद कुणी ठेवलेली नाही.