गोधडीत न बसलेली साडी

मागच्या दिवाळीत पंचवटीतलं जुनं घर आवरताना माळ्यावर दोन गाठोडी सापडली. एकात आजीनं शिवलेल्या गोधड्या, दुसऱ्यात तिच्या पॉलिस्टरच्या साड्या. चाळीस वर्षांनीही रंग तसाच!

"यांच्या गोधड्या का नाही केल्या?" मी आईला विचारलं.

"निसटतात गं. आणि घाम टिपत नाहीत."

सुती लुगड्याचा प्रवास ठरलेला होता: लुगडं, गोधडी, दुपटी, पोतेरं, शेवटी माती. पॉलिस्टरनं ही साखळी तोडली. 1941 साली व्हिनफिल्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा शोधला. आपल्याकडे 1982 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्यांना आणखी वाट मोकळी केली. रंगीत सुती साड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मालेगावच्या यंत्रमागांवरही पॉलिस्टर चढलं. न चुरगळणारी, झटकन वाळणारी साडी आजीला का आवडू नये? जुनी झाली की बोहारणीला द्यायची, स्टीलचं पातेलं घ्यायचं. पुढे तिचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

आज 'रिसायकल्ड पॉलिस्टर' म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक पाण्याच्या बाटल्यांपासून बनतं, जुन्या कपड्यांपासून नाही. बाटलीत एकच पदार्थ असतो. कपड्यात रंग, कापूस, स्पॅन्डेक्स, सगळंच. म्हणून आता धागा नुसता वितळवण्याऐवजी ग्लायकॉल आणि उष्णतेनं त्याचे मूळ रेणू सुटे करतात, म्हणजे पुन्हा नवा धागा ओढता येतो. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी हेच प्लास्टिक खाणारा जिवाणू जाहीर केला. तशी विकरं वापरायचे प्रयत्नही चालू आहेत. 2017 मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी पाणी, उष्णता, दाब आणि थोडं रसायन वापरून मिश्र कापडातला कापूस आणि पॉलिस्टर वेगळे करून दाखवले.

हे वाचल्यावर मी गाठोडं पुन्हा उघडलं. आजीची साडी निव्वळ पॉलिस्टरची, म्हणजे तुलनेनं सोपी. मग माझ्या टी-शर्टचं लेबल पाहिलं: कापूस, पॉलिस्टर, स्पॅन्डेक्स. गोधडीला नको, यंत्राला अवघड.

आजी दुकानात कापड अंगठ्यानं चोळून बघायची. मी फक्त किंमत बघते. आता लेबलही बघायला लागले आहे.