कोंडलेला चोर

१८९७ च्या जून महिन्यात पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. प्रोफेसर भानू यांनी अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी बाळ गंगाधर टिळक होते. समारोप करताना ते जे बोलले त्याचा वृत्तान्त १५ जूनच्या ‘केसरी’त छापून आला. पहिला वार खानाने केला की महाराजांनी, हा संशोधकांचा वाद टिळकांनी सरळ बाजूला ठेवला. महाराजांनीच बेत रचून खानाला मारले असे धरून चालू. तरी त्यांना दोष लागतो का? उत्तरासाठी त्यांनी एक घरगुती दृष्टान्त घेतला. घरात चोर शिरले आणि त्यांना हाकलून देण्याइतका जोर आपल्या मनगटात नसेल, तर त्यांना आत कोंडून खुशाल जाळावे. त्याच ओघात त्यांनी श्रोत्यांना पीनल कोडाच्या विहिरीतून बाहेर पडून गीतेच्या मोकळ्या हवेत या, असे सांगितले.

पुढे तीन महिन्यांनी हीच वाक्ये मुंबई हायकोर्टात इंग्रजी भाषांतरातून वाचली गेली. राजद्रोहाच्या त्या खटल्यावर भरपूर लिहिले गेले आहे. दृष्टान्तातल्या घराकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. चोर घरात शिरला तर घरमालकाने काय करावे, कुठवर जावे, हा प्रश्न टिळकांच्या श्रोत्यांना अलंकारापुरता नव्हता. त्याच वसंतात पुण्यातल्या घराघरांत अनोळखी माणसे शिरून गेली होती.

आधी कायदा पाहू, कारण टिळक ज्याला विहीर म्हणाले ती तितकीशी अरुंद नव्हती. मेकॉलेच्या कमिशनने दंडसंहितेचा मसुदा १८३७ साली सादर केला. त्याच्या टिपणात खाजगी संरक्षणाच्या हक्काबद्दल कमिशनने मोकळेपणाने लिहिले आहे. या देशातले लोक दरोडेखोरांचे अत्याचार फार निमूटपणे सोसतात, तेव्हा त्यांच्या हाताला आणखी बांध घालण्यापेक्षा त्यांच्यात मर्दानी वृत्ती जागी करणे बरे, असा त्याचा आशय आहे. राज्यकर्ता प्रजेला सांगतो आहे की तुम्ही पुरेसे लढत नाही! साठ वर्षांनी तीच तक्रार टिळकांनी पुणेकरांपुढे मांडली, आणि तेव्हा ती राजद्रोह ठरली.

संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या १०३ व्या कलमाने मालमत्तेच्या रक्षणासाठी प्राण घेण्याची मुभा मोजक्या प्रसंगी दिली: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणे, आणि ज्या चोरीत वा घुसखोरीत मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटते ती. बाकी ठिकाणी इजा करता येते, जीव घेता येत नाही. रात्र म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय. हा भेद इंग्रजांचा शोध नव्हे. बायबलच्या ‘निर्गम’ ग्रंथात घर फोडताना सापडलेल्या चोराला मारण्याचा दोष लागत नाही; सूर्य उगवल्यावर मारले तर लागतो. रोमच्या बारा पट्टांतही रात्रीच्या चोराचा न्याय वेगळा. अंधारात समोरचा चोरी करायला आला आहे की खून करायला, हे घरमालकाला कळायला मार्ग नसतो. कायदा त्याच्या या अज्ञानाला सवलत देतो.

आता टिळकांचा चोर या कलमांसमोर उभा करू. तो रात्री कडी तोडून शिरला असेल तर १०३ घरमालकाच्या बाजूने आहे. १०५ व्या कलमाप्रमाणे घुसखोरी चालू असेपर्यंत हक्कही चालू राहतो, आणि कोंडलेला चोर घरातच असतो, तेव्हा वेळेचे माप अजून संपलेले नाही असा युक्तिवाद एखादा वकील करील. पण ९९ वे कलम दुसरे माप लावते: बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि सरकारी मदत मिळवायला सवड असेल तर हक्कच नाही. दाराला बाहेरून कडी घातली की सवड मिळाली. मनगटात जोर नव्हता तो कडीने भरून काढला, आता चौकीवर निरोप धाडायचा. त्यानंतर लावलेली आग बचावाची राहत नाही, सूडाची होते. टिळक स्वतः वकिलीचे वर्ग चालवलेले गृहस्थ. हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. म्हणूनच त्यांनी आधी पीनल कोडाच्या बाहेर पाऊल टाकले असावे. एवढेच नाही, या कृत्याचा निवाडा मनू-याज्ञवल्क्यांच्या स्मृतींवरूनही करू नये, असे ते म्हणाले. हा भाग सहसा विसरला जातो.

श्रोते मात्र कसला चोर डोळ्यांपुढे आणत होते? ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला होता. पुण्यात वॉल्टर रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरे तपासू लागल्या. रोगी शोधायचा, त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना क्वारंटाइनच्या छावणीत हलवायचे, सामान बाहेर काढून धुवायचे नाहीतर जाळायचे. बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरल्याच्या, बायकांना उघड्यावर उभे करून तपासल्याच्या, वस्तू गायब झाल्याच्या तक्रारी झाल्या. काही तक्रारी याहून भयंकर होत्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्या विलायतेत बोलून दाखवल्या आणि पुरावा देता न आल्याने परत येताच त्यांना जाहीर माफी मागावी लागली. रोग खरा होता, माणसे मरत होती, आणि घरे तपासल्याशिवाय रोगी सापडत नव्हते, हेही इथेच नोंदवले पाहिजे. प्लेगची उपाययोजना मुळात नको असे टिळकांचेही म्हणणे नव्हते.

अशा वेळी घरमालकाचा हक्क काय? ९९ व्या कलमाचा आरंभच त्यावर आहे. सरकारी नोकराने आपल्या अधिकाराच्या नात्याने, सद्‌भावनेने केलेल्या कृत्याविरुद्ध, किंवा त्याच्या हुकमावरून दुसऱ्याने केलेल्या कृत्याविरुद्ध, खाजगी संरक्षणाचा हक्क नाही. मग ते कृत्य काटेकोर कायद्यात बसत नसले तरीही. अपवाद एकच: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटली तर. विटाळलेले देवघर, अंगणात जळणारी गादी, परक्या पुरुषासमोर उभी केलेली सून, यांतले काहीही जबर दुखापतीच्या व्याख्येत येत नाही. सोजिराने दागिना उचलला तर ती सद्‌भावना नव्हे आणि तिथे हक्क परत मिळतो, कागदावर. संगिनीसमोर तो बजावायचा कसा, हे कायद्याने सांगितलेले नाही. ज्या संहितेने लोकांत मर्दानी वृत्ती जागवायची होती, तिने दरवाजातून सरकार आत आले की तीच वृत्ती गुन्हा ठरवली.

२२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चाफेकरांना पुढे १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला फाशी झाली. घरझडत्या तोवर थांबल्या होत्या. बचावाच्या हक्काची कुठलीही व्याख्या घेतली तरी रस्त्यावरून जाणारी बग्गी तिच्यात बसवता येणार नाही. सरकारला मात्र ‘केसरी’तला दृष्टान्त आणि खिंडीतली गोळी यांत एक आठवड्याचेच अंतर दिसत होते.

खटला खुनाचा नव्हता, कलम १२४-अ चा होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘डिसअफेक्शन’चा अर्थ नुसता प्रेमाचा अभाव असा लावून ज्यूरीला सांगितला. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी ज्यूररांनी नाही. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. घरात शिरलेला चोर म्हणजे कोण, अफझलखान की इंग्रज सरकार, हा प्रश्न सहा जणांना पडला नाही. माझ्या मते तो पडायला हवा होता, आणि प्रामाणिक उत्तर ‘दोन्ही’ असेच आले असते. म्लेंच्छांना हिंदुस्थानचा ताम्रपट देवाने दिलेला नाही, असे त्याच भाषणात होते. या शब्दाची व्याप्ती इतकी सैल आहे की तो आज वाचताना अंगावर येतो, आणि तो सैल ठेवण्यातच वक्त्याची सोय होती.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. त्याच्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात अहिंसेच्या मर्यादा सांगताना आततायी परत येतो, आणि या वेळी मनूच्याच आधाराने: चालून आलेला आततायी गुरू असो, म्हातारा असो, विद्वान ब्राह्मण असो, त्याला मारावे. वसिष्ठस्मृतीत आततायी सहा सांगितले आहेत: आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उपसून आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. पैकी तिघे तरी थेट घराच्या उंबऱ्याशी येतात. (कोंडून जाळणारा घरमालक या यादीत पहिल्याच जागी बसतो, हे जाता जाता.) १८९७ साली दूर सारलेली स्मृती इथे साक्षीला आली आहे आणि चोर जाळण्याची भाषा गेली आहे. स्मृतीचे वचनही वाटते तितके बेलगाम राहिलेले नव्हते. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, साधारण ११०० च्या सुमारास, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिताना त्याला लगाम घातला. आततायी ब्राह्मण वगैरे असेल तर मारण्याचा हेतू न धरता त्याला अडवावे; अडवताना चुकून मेला तर प्रायश्चित्त हलके आणि राजदंड नाही. मेला हे एकच, पण मारायचा होता की अडवायचा होता, यावर निवाडा. ही सवलत आधी वरच्या वर्णासाठी विचारात घेतली गेली, हे त्या काळाला धरूनच आहे.

स्वतंत्र भारताच्या कोर्टांनीही बहुतेक हाच धागा धरला. १९६८ च्या मुन्शीराम खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटले की हल्ला झाल्यावर कायद्याने वागणाऱ्या माणसाने पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. त्याआधी १९६३ च्या जय देव खटल्यात, समोरचे लोक पळू लागल्यावर गोळ्या झाडणाऱ्यांचा हक्क तिथेच संपला असे ठरले होते.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. १०३ चे कलम ४१ झाले, आणि ‘रात्रीची घरफोडी’ ऐवजी ‘सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी’ असे शब्द आले, अर्थ तोच. ९९ चे कलम ३७ झाले. सरकारी नोकराबद्दलचा त्यातला आरंभीचा भाग जसाच्या तसा आहे.