हिंगणघाट ते लिव्हरपूल

हिंगणघाटहून लिव्हरपूल सरळ रेषेत साडेसात हजार किलोमीटरच्या थोडं वर भरतं. नागपूरहून दोहामार्गे विमान धरलं, तर दिवस उलटायच्या आत माणूस लिव्हरपूलशेजारच्या मँचेस्टरला उतरतो. मी जन्मभर जिनिंग-प्रेसमध्ये मुनीमकी केली, म्हणून मला माणसांपेक्षा कापसाच्या गाठींच्या प्रवासाचं कुतूहल जास्त.

रेल्वे नव्हती तेव्हा इकडचा बराचसा कापूस लदाऊ बैलांच्या पाठीवरून जबलपूरच्या वाटेनं गंगाकाठी मिर्झापूरला जाई. वाट सुमारे सातशे किलोमीटरची. लदलेला बैल दिवसाला पंधरा किलोमीटर चालतो असं धरलं तरी दीड महिना इथंच गेला. पुढे नावेनं कलकत्ता, मग शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा, त्यात आणखी काही महिने. या हंगामाची सरकी पेरली जायची तेव्हा मागच्या हंगामाचा कापूस कुठल्या तरी समुद्रावर असायचा.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बंद पडू लागल्या. मग साहेबांना हिंगणघाट आठवलं! १८६२ मध्ये नागपूरपासून आमचा वर्धा जिल्हा वेगळा झाला. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवायला घेतलं. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. युद्ध मात्र १८६५ लाच संपलं होतं आणि भाव खाली आले होते. म्हणजे गाडी आली, पण तेजी निघून गेल्यावर.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडला. मुंबई-लंडन सागरी अंतर १९,८०० किलोमीटरवरून ११,६०० वर आलं आणि आगबोटीला महिनाभर पुरू लागला. पुस्तकं इथवर सांगतात आणि टाळ्या वाजवतात. मला विचाराल तर खरी गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षाची. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई इंग्लंडला जोडली गेली. लिव्हरपूलच्या कापूसबाजाराचा भाव मुंबईच्या पेढीवर काही तासांत कळू लागला. आणि हिंगणघाटचा शेतकरी? त्याची बंडी अजून वर्धा स्टेशनच्या वाटेवर. अंतर चाळीसेक किलोमीटर, पण काळ्या मातीत अवकाळी पाऊस झाला की चाकं आसापर्यंत रुतणार. हिंगणघाटकडे जाणारा रेल्वेफाटा त्याच दशकात पुढे झाला, तोवर हेच चाललं.

सात समुद्र जवळ आले ते व्यापाऱ्यासाठी. आधी भाव कळायला सगळ्यांनाच उशीर होई, त्यामुळे अंदाज व्यापारी-शेतकरी दोघांचाही चुके. तारेनंतर एकाला उद्याची चाल आजच दिसू लागली, दुसरा आडत्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आमच्या धंद्यातली ही दरी मला समुद्रापेक्षा रुंद वाटत आली आहे. मुनीम म्हणून मी तिच्या कोणत्या काठावर बसलो होतो, ते वेगळं सांगायला नको.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. जगाचा कापूसभाव सांगणारा कॉटलूक ए निर्देशांक आजही लिव्हरपूलच्याच परिसरातून निघतो आणि तो कुणालाही बघता येतो. पण घरात कापूस साठवायला जागा नाही, उसनवारीचा तगादा दारात उभा. अशा माणसानं तो बघून करायचं काय? विमानाचे तास मोजणाऱ्यांनी एकदा हंगामात बाजार समितीच्या फाटकावरची गाड्यांची रांगही मोजावी.